पोट, पत आणि मत : एका गाजलेल्या शोधनिबंधाबद्दल

राज्यशास्त्रात पीएचडी करू पाहणाऱ्या बऱ्याच जणांच्या प्रस्तावात एक वाक्य हमखास सापडतं : ‘महागाई आणि बेरोजगारीमुळे मतदार सत्ताधाऱ्यांपासून दूर गेले.’ नाहीतर त्याच्या बरोब्बर उलट : ‘आर्थिक प्रश्न असूनही मतदारांनी अस्मितेला मत दिलं.’ दोन्ही वाक्यं ऐकायला बरी वाटतात. पण हे तपासणार कसं, असं कुणी विचारलं की गाडी अडते. आज ज्या निबंधाबद्दल लिहायचं आहे, त्यात ही तपासणी मेहनतीने केलेली आहे. तिचा निष्कर्ष मात्र पुराव्याच्या दोन पावलं पुढे गेला आहे, असं माझं मत आहे. तुम्ही तो या दोन्ही कारणांसाठी वाचा.

निबंध डायना मुट्झ यांचा. त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात राज्यशास्त्र आणि संज्ञापन शिकवतात. २०१८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तो आला आणि शीर्षकातच निकाल देऊन मोकळा झाला : २०१६ च्या अध्यक्षीय मतदानाचं स्पष्टीकरण आर्थिक हालअपेष्टांत नाही, सामाजिक स्थान जाण्याच्या भीतीत आहे. निबंध आल्याबरोबर मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. कारण तोपर्यंत सगळीकडे वेगळीच गोष्ट सांगितली जात होती.

ती गोष्ट अशी. नोव्हेंबर २०१६ मध्ये ट्रम्प जिंकले. देशभरातली एकूण मतं हिलरी क्लिंटन यांना जास्त होती, पण विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी त्यांच्या हातून गेली. हा जुन्या कारखान्यांचा पट्टा. तेव्हा पत्रकार तिथे गेले, बंद कारखान्यांचे फोटो काढले, चहाच्या टपरीवर बसावं तसे तिथल्या डायनरमध्ये बसून लोकांशी बोलले आणि निष्कर्ष निघाला : नोकऱ्या गेल्या, माणसं चिडली, ट्रम्पला मत दिलं. (गिरणगाव आणि शिवसेना यांच्याबद्दल आपल्याकडेही अशी एक तयार गोष्ट आहे. ती कुणीतरी नीट तपासायला हवी, पण तो विषय वेगळा.)

या गोष्टीतला घोटाळा तुम्हाला संशोधन पद्धतीच्या पेपरात शिकवलेला असतो. १९५० साली विल्यम रॉबिन्सन यांनी दाखवलं होतं, की अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, त्या राज्यांत साक्षरताही जास्त दिसते. म्हणून स्थलांतरित जास्त साक्षर होते असं म्हणाल, तर चुकाल. व्यक्तिशः ते कमी साक्षर होते. फक्त ते राहायला गेले अशा राज्यांत, जिथले मूळचे लोक जास्त शिकलेले होते. म्हणजे कारखाना बंद पडलेल्या गावात ट्रम्पना जास्त मतं पडली, एवढ्यावरून ती मतं कारखान्यातून काढलेल्या माणसाने दिली असं म्हणता येत नाही. कदाचित ती त्याच गावातल्या दुकानदाराने दिली असतील, किंवा पेन्शनरने.

मुट्झ यांनी हे टाळलं आणि चांगल्या रीतीने टाळलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच माणसांना प्रश्न विचारलेले होते. बाराशेच्या आसपास माणसं. अशा पाहणीला पॅनेल म्हणतात. एकच माणूस दोनदा भेटतो, म्हणून त्याचं वंश, लिंग, बालपण, स्वभाव, म्हणजे चार वर्षांत न बदलणारं जे जे काही आहे, ते हिशेबातून आपोआप वजा होतं. उरतो फक्त बदल. याला फिक्स्ड इफेक्ट्स म्हणतात. मग प्रश्न सरळ होतो : ज्यांची घरची परिस्थिती या चार वर्षांत बिघडली, ते रिपब्लिकन उमेदवाराकडे जास्त सरकले का? मुट्झ यांचं उत्तर : तसं काही दिसत नाही. नोकरी, उत्पन्न, घरखर्चाची ओढाताण, भोवतालची बेरोजगारी, यातल्या कशाचाही ठळक परिणाम सापडला नाही. उलट ज्यांना वाटू लागलं की समाजात वरचे वर आणि खालचे खाली असणंच बरं, आणि व्यापार, चीन, स्थलांतर या प्रश्नांवर ज्यांना ट्रम्पची भूमिका स्वतःच्या जवळची वाटली, ते सरकले.

एवढं वाचून तुम्ही निबंध मिटवलात, तर तुमच्या टिपणवहीत लिहाल : ‘अर्थकारणाचा संबंध नाही.’ इथेच थांबा.

पहिली अडचण खिडकीची आहे. फिक्स्ड इफेक्ट्सला फक्त २०१२ ते २०१६ एवढंच दिसतं. आता या चार वर्षांत अमेरिकेत काय झालं बघा. बेरोजगारीचा दर ऑक्टोबर २०१२ मध्ये ७.८ टक्के होता, तो ऑक्टोबर २०१६ मध्ये ४.९ टक्क्यांवर आला. म्हणजे हा सुधारणेचा काळ होता. घाव बसला तो त्याच्या आधी : २००० साली कारखानदारीत सुमारे १ कोटी ७३ लाख नोकऱ्या होत्या, २०१० पर्यंत त्या १ कोटी १५ लाखांवर आल्या. समजा एका माणसाची भट्टीवरची नोकरी २००४ साली गेली आणि तेव्हापासून तो निम्म्या पगारावर गोदामात खोकी उचलतोय. २०१२ साली तो गोदामात होता, २०१६ सालीही गोदामातच. त्याच्या परिस्थितीतला बदल : शून्य. जी पद्धत न बदलणारं सगळं वजा करते, ती या माणसाचं सगळं दुखणंही वजा करते. हा त्या पद्धतीचा दोष नाही. तिचं कामच ते आहे. पण मग ‘आर्थिक हाल’ हा शब्द शीर्षकात घालताना ‘गेल्या चार वर्षांत वाढलेले’ एवढं तरी जोडायला हवं होतं.

यावर तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं : दुखणं २००४ पासूनचं आहे, तर त्याने २०१२ ला ओबामांना आणि २०१६ ला ट्रम्पना मत का दिलं? न बदललेल्या गोष्टीने बदल कसा होईल? होऊ शकतो, समोरचा उमेदवार बदलला तर. २०१२ चे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉमनी खासगी गुंतवणुकीच्या धंद्यातले होते आणि मुक्त व्यापाराच्या बाजूचे होते. ट्रम्प गावोगाव नाफ्टा कराराला शिव्या देत फिरले. जखम जुनीच होती, तिचं नाव घेणारा माणूस नवा होता. एखाद्या जुन्या घटकाचं वजन दोन निवडणुकांत बदललं का, हे पॅनेलमध्येही तपासता येतं, आणि हा प्रश्न मुट्झ यांना सुचला नव्हता असं अजिबात नाही. पण त्यासाठी ती जुनी जखम पाहणीत कुठेतरी नोंदलेली लागते. जे विचारलंच नाही, ते कुठलंही गणित आणून देत नाही.

दुसरी अडचण टोपल्यांची आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ स्टीफन मॉर्गन यांनी त्याच वर्षी मुट्झ यांचीच आकडेवारी घेऊन पुन्हा विश्लेषण केलं आणि ‘सोशियस’ या नियतकालिकात छापलं. त्यांचा मुद्दा सोपा आहे : व्यापार आणि चीन याबद्दलची मतं तुम्ही ‘स्थान जाण्याची भीती’ या टोपलीत का टाकली? चीनच्या मालामुळे रोजगार जातो असं वाटणारा माणूस पोटाची गोष्ट बोलतोय, की पतीची? ती मतं पोटाच्या टोपलीत टाका, नाहीतर निदान दोन्हींच्या मध्ये ठेवा, निकाल बदलतो. मग स्थानाची भीती एकटी जिंकलेली दिसत नाही.

मुट्झ यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. त्यांच्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे. एडवर्ड मॅन्सफिल्ड यांच्याबरोबर त्यांनी २००९ साली दाखवलं होतं, की मुक्त व्यापाराबद्दलचं माणसाचं मत त्याच्या स्वतःच्या नोकरीवरून फारसं ठरत नाही. देशाचं काय होईल असं त्याला वाटतं, आणि परक्यांबद्दल त्याच्या मनात काय आहे, यावरून जास्त ठरतं. म्हणजे व्यापाराला विरोध करणारा प्रत्येक जण कारखान्यातून काढलेला कामगार नाही, हे खरंच.

पण या उत्तरात एक पळवाट आहे. ‘स्वतःच्या नोकरीवरून ठरत नाही’ म्हणजे ‘आर्थिक नाही’ असं कुणी ठरवलं? १९८१ साली डोनाल्ड किंडर आणि रॉडरिक किविएट यांनी हाच फरक करून दाखवला होता. माझ्या खिशाचं काय झालं, हा एक प्रश्न. देशाच्या अर्थव्यवस्थेचं काय चाललंय, हा दुसरा. अमेरिकी मतदार पहिल्यापेक्षा दुसऱ्यावर जास्त मत देतात, असं त्यांना आढळलं. नेट-सेटसाठी वाचताना तुम्ही ही विभागणी पाठ केलेली असेल. तर मग २०१६ मध्ये खिशाचा परिणाम सापडला नाही, यात नवल काय? ज्या स्पष्टीकरणावर या शास्त्रातले लोक चाळीस वर्षं फारसे विसंबून नव्हते, ते हरवून ‘अर्थकारण हरलं’ म्हणणं हा जरा सोपा विजय आहे. घरचं बरं चाललेलं असलं तरी गावची बाजारपेठ ओस पडताना दिसते, पुतण्या काम शोधत शहरात जातो, घराची किंमत उतरते. हे सगळं माझ्या उत्पन्नाच्या रकान्यात येत नाही, पण ते आर्थिक नाही असं म्हणायला धाडस लागतं. इटालो कोलान्तोने आणि पिएरो स्तानिग यांना ब्रेक्झिटच्या मतदानात असंच दिसलं. चिनी आयातीची झळ ज्या भागांना बसली तिथे बाहेर पडण्याच्या बाजूने जास्त मतं पडली, आणि ती फक्त कारखान्यातल्या कामगारांची नव्हती.

तिसरी अडचण मुट्झ यांच्या एकटीची नाही. ‘पोट की पत’ अशी शर्यत लावणाऱ्या प्रत्येकाची ती आहे, आणि तुमच्या प्रस्तावातही ती असण्याची दाट शक्यता आहे. एक उदाहरण घ्या. पाऊस कमी झाला, पीक गेलं, माणसं ऊसतोडीला बाहेर पडली. आता स्थलांतराचं रिग्रेशन करताना पाऊसही घाला आणि पीकही घाला. पावसाचा आकडा जवळजवळ शून्य येईल, पिकाचा मोठा येईल. मग तुम्ही निबंधाचं शीर्षक देणार का, की ‘पाऊस नव्हे, पीक’? पावसाचा परिणाम पिकातूनच आला. पीक समीकरणात घालून तुम्ही पावसाची वाटच अडवलीत. तसंच, जर रोजगार गेल्यामुळे लोकांचा स्थलांतरितांवर राग वाढला असेल आणि त्या रागातून मत ठरलं असेल, तर दोन्ही एकाच समीकरणात घालून कोण जिंकतो बघणं ही शर्यतच खोटी आहे.

असं खरंच होतं का? डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न, गॉर्डन हॅन्सन आणि कावेह मजलेसी यांचा २०२० चा निबंध यासाठी जरूर वाचा. त्यांनी लोकांना काळजीबद्दल विचारलंच नाही. कुठल्या भागात कुठले कारखाने आधीपासून होते आणि त्या मालाची चीनमधून आयात किती वाढली, यावरून त्यांनी धक्का मोजला. म्हणजे धक्का बाहेरून आला, मतदाराच्या मनातून नाही. धक्का बसलेल्या गोरे-बहुल भागांत कडव्या रिपब्लिकन उमेदवारांची निवडून येण्याची शक्यता वाढली. आणि जिथे अल्पसंख्याकच बहुसंख्य होते, तिथे? तिथे डाव्या वळणाच्या डेमोक्रॅट उमेदवारांची वाढली. धक्का एकच, पण वंशाच्या रेषेवर येऊन तो दोन दिशांना फुटला. आता सांगा, हे आर्थिक कारण की सांस्कृतिक? मला हा प्रश्नच इथे निकालात निघालेला दिसतो. मुट्झ यांच्या ‘नव्हे’ या शब्दाला तो निकाल झेपत नाही.

ऑटर यांच्या गटाने लोकांना विचारलं नाही, यालाही कारण आहे. आर्थिक काळजीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे नीट वाचावं, कारण इथवर मी त्यांच्या बाजूने बोलत आल्यासारखं वाटेल. पाहणीत माणूस जी काळजी सांगतो, ती बऱ्याचदा त्याच्या मताचं कारण नसून परिणाम असते. जेफ्री इव्हान्स आणि रॉबर्ट अँडरसन यांनी १९९२ ते १९९७ चं ब्रिटिश पॅनेल तपासून २००६ साली दाखवलं, की आधी पक्ष ठरतो आणि अर्थव्यवस्थेबद्दलचं मत बऱ्याच अंशी त्याच्या मागून येतं. अमेरिकेत तर नोव्हेंबर २०१६ च्या निकालानंतर काही दिवसांत रिपब्लिकन मतदारांना अर्थव्यवस्था एकदम चांगली वाटू लागली. ट्रम्प यांनी अजून शपथही घेतली नव्हती, ना पगार वाढले होते ना किमती उतरल्या होत्या.

आता ही चाळणी घेऊन आपल्याकडे या. लोकनीती-सीएसडीएसच्या २०२४ च्या निवडणूकपूर्व पाहणीत सर्वांत मोठा प्रश्न कोणता, याला २७ टक्क्यांनी बेरोजगारी सांगितलं आणि २३ टक्क्यांनी महागाई. म्हणजे निम्मे मतदार. जूनमध्ये भाजपच्या जागा ३०३ वरून २४० वर आल्या आणि सगळ्यांनी दोन्ही आकडे एकमेकांना जोडून टाकले. पण भाजपची देशातली मतं ३७.४ टक्क्यांवरून ३६.६ टक्क्यांवर आली होती, एक टक्काही कमी झाली नव्हती. जागा घसरल्या त्याचं बरंचसं स्पष्टीकरण कोण कुणाबरोबर लढलं यात आहे, आणि मतं राज्याराज्यांत वेगळी हलली. तुम्हाला नेमकं काय समजावून सांगायचंय, मत की जागा, हे आधी ठरवा.

आणि मग कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये सरसकट बंदी, ती उठली ४ मे २०२४ ला, तीही शुल्क आणि किमान निर्यातमूल्य ठेवून. २० मे रोजी दिंडोरीत मतदान झालं आणि केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा भास्कर भगरे यांनी पराभव केला. ‘कांद्याने रडवलं’ हा मथळा तयारच होता. सहा महिन्यांनी विधानसभा झाली. दिंडोरी लोकसभेत येणाऱ्या नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी या सहाही जागा महायुतीने जिंकल्या.

मग काय, मे महिन्यातला आर्थिक मतदार नोव्हेंबरपर्यंत सांस्कृतिक झाला? की नोव्हेंबरात बाजारात भाव बरा होता म्हणून शांत झाला? (त्या वेळी चाळीत कांदा किती जणांकडे उरला होता, हे विचारल्याशिवाय भावाचा अर्थ लागत नाही. बाजारातला दर म्हणजे शेतकऱ्याचं उत्पन्न नव्हे.) की लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये कामी आले? तेही आर्थिकच की. इथे मला आपल्या विश्लेषकांचा एक दुटप्पीपणा खटकतो. जूनमध्ये कांदा उत्पादक ‘हिशेब चुकता करणारा जागरूक शेतकरी’ होता. नोव्हेंबरात त्याच घरातली बाई ‘दीड हजारांत विकली गेली’. नुकसान झालं म्हणून विरोधात मत देणं शहाणपण आणि फायदा झाला म्हणून बाजूने मत देणं लाचारी, हा फरक आकडेवारीतून आलेला नाही. अमेरिकेतही हेच चाललं होतं : एका गोष्टीत ट्रम्पचा मतदार बिचारा, दुसरीत वंशद्वेष्टा. कुठली गोष्ट खरी यावर पुढचा उपाय ठरतो, आणि त्या माणसाशी बोलायचं की नाही हेही. म्हणून शीर्षकातल्या एका ‘नव्हे’वर एवढं लिहावं लागतं.

दिंडोरीवर कुणाला काम करायचं असेल तर निवडणूक आयोगाच्या फॉर्म २० मध्ये मतदान केंद्रवार आकडे मिळतात. लोकसभेचे आणि विधानसभेचे शेजारी ठेवता येतात, मात्र दरम्यान केंद्रांची फेररचना झाली असेल तर ती आधी जुळवून घ्यावी लागते. गावनिहाय कांद्याचं क्षेत्र तलाठ्याकडच्या पीकपाहणीत असतं. दोन्ही जोडले की कांद्याची गावं जास्त हलली का, हे कळेल. पण त्या गावात कांदा पिकवणारा हलला, की कांदा खुडायला रोजाने येणारी बाई, की डोंगरातले आदिवासी पाडे, हे त्यातून कळणार नाही. तिथे रॉबिन्सन आडवे येतात. त्यासाठी दारात जावं लागेल, आणि कांद्याचं काय झालं हा प्रश्न मत कुणाला दिलं याच्या आधी विचारायचा की नंतर, हे ठरवूनच जावं लागेल. दोन्ही क्रमांची प्रश्नावली छापून निम्म्या घरांत एक आणि निम्म्या घरांत दुसरी नेली, तर उत्तरं किती बदलतात हेही दिसेल. खर्च फक्त जास्तीच्या झेरॉक्सचा.